पाथरीच्या उत्तरेला

सुट्टी लागली की मराठी मध्यमवर्गीय माणसाला उत्तर दिशा आठवते. दक्षिणेस तो देवासाठी जातो, पश्चिमेस नोकरीसाठी जातो आणि हवा खायला मात्र उत्तरेस जातो. त्यातही त्याला तळे हवे असते. नैनितालचे, उदयपूरचे, फार हिंमत केली तर श्रीनगरचे. तळ्याच्या काठी हॉटेल हवे, हॉटेलच्या खोलीतून पाणी दिसायला हवे आणि त्या पाण्याकडे पाठ करून काढलेला फोटो शेजाऱ्यांना दाखवता यायला हवा. मला ही हौस मुळीच वाईट वाटत नाही. ज्याच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, त्याने वर्षातून एकदा डोळे भरून पाणी पाहावे, यात गैर ते काय?

आमच्या घरीही गेल्या वर्षी गणपती उठल्यापासून उत्तरेचाच घोष चालू होता. मुलगी अकरावीत, मुलगा सहावीत. दोघांनी मिळून एक कागद तयार केला होता आणि त्यावर तळ्यांची नावे, हॉटेलांचे दर आणि रेल्वेच्या वेळा असे सारे लिहिले होते. तो कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी बेरीज केली. बेरीज पाहून मी तो कागद आमच्या सौभाग्यवतींपुढे ठेवला. त्या शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी बेरीज पाहिलीच नाही. त्यांनी कपाटातून मराठवाड्याचा नकाशा काढला, पाथरीवर बोट ठेवले, तिथून वर सरकवत नेले आणि म्हणाल्या, "उत्तर इथूनही सुरू होते की!"

त्या बोटाच्या वाटेत काय काय होते ते पाहा. सेलूजवळ निम्न दुधनेचे पाणी. जिंतूरच्या पुढे पूर्णेवरचे येलदरी आणि त्याखाली सिद्धेश्वर. मग लोणारचे जगप्रसिद्ध सरोवर, सिंदखेडराजाचे मोती तलाव आणि चांदणी तलाव, जालन्याचा आणखी एक मोती तलाव आणि परतीच्या वाटेवर पैठणचा नाथसागर. (पैठण पाथरीच्या पश्चिमेस येते, हे भूगोलाच्या बाईंनी स्वतःच सांगून टाकले, पण त्यांनी ते उत्तरेत धरले, म्हणून मीही धरतो.) पाचशे-सहाशे किलोमीटरांचा फेरा, पाच दिवस, चार मुक्काम. मुलांची तोंडे उतरली. आईने मात्र इतका वेळ निवडत असलेले तांदळाचे सूप खाली ठेवले आणि विचारले, "येलदरीला जानार हाव का?"

आता थोडे आईविषयी सांगायला हवे, नाही तर पुढचा प्रवास कळायचा नाही. आईचे माहेर पूर्णेच्या काठचे. येलदरीचे काम 1958 साली सुरू झाले आणि धरण 1968 साली पुरे झाले. पाणी अडले आणि तिचे गाव त्या पाण्याखाली गेले. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षांत तिचे लग्न होऊन ती पाथरीला आली. इथे आमच्या आजोबांची कोरडवाहू जमीन होती. पुढे जायकवाडीचा डावा कालवा आला आणि त्यातल्या चार एकरांना पाटाचे पाणी मिळाले. म्हणजे एका धरणाने तिचे माहेर नेले आणि दुसऱ्या धरणाने तिच्या सासरी पाणी आणले. हे मी आज लिहितो आहे, तिने असे कधी म्हटलेले नाही. तिच्या तोंडी फक्त दोन शब्द असत, 'तिकडचं पानी' आणि 'इकडचं पानी'.

आणि आमच्या घरात गेले सहा महिने त्या चार एकरांचीच गोष्ट अडून राहिली होती. वडील गेले, सातबाऱ्यावर आईचे आणि माझे नाव लागले. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला ठेवायचे, तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, त्यासाठी शेत विकायचे, असा आमचा दोघांचा विचार. मी शिकवणारा माणूस. बटईने दिलेल्या शेताकडे माझे जाणे वर्षातून चारदा. गिऱ्हाईक ठरले होते, भाव ठरला होता. आईची सही तेवढी राहिली होती. ती 'नाही' म्हणत नव्हती आणि 'हो'ही म्हणत नव्हती. विषय निघाला की ती उठून देवापुढचा दिवा नीट करी. दिवा आधीच नीट असे.

पाथरीचा आणि जमिनीच्या हट्टाचा संबंध जुना आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फिरिश्ता सांगतो. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. बुऱ्हाण निजामशहाने निरोप पाठवला, की आमचे हे वडिलोपार्जित गाव आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात दुसरा मुलूख घ्या. इमादशहाने नकार दिला. मग 1518 साली बुऱ्हाणने ते लढून घेतले. गाव पुढे हातचे गेले आणि पुन्हा लढाई करून आणले. दोन शाह्या एका कुलकर्ण्याच्या वतनापायी भांडल्या! वर्गात हा किस्सा सांगताना मी नेहमी हसतो. घरी तो सांगायची सोय नव्हती.

असो. भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. जीप भाड्याची, चालवणारे आमच्याच गल्लीतले मामू. त्यांना मराठवाड्यातला प्रत्येक खड्डा नावानिशी ठाऊक. आईला त्यांनी पुढे बसवले, कारण "अम्मां को रास्ता दिखना मंगता".

सेलूला चहा झाला. सेलू हे रेल्वेचे गाव. साईबाबांच्या चरित्राशी पाथरीचे नाव जन्मस्थान म्हणून जोडले जाते, तसे सेलूचे त्यांच्या गुरूंच्या परंपरेशी. पाथरीच्या जन्मस्थानावरून जानेवारी 2020 मध्ये केवढे वादळ उठले, शिर्डी बंद राहिली, हे वाचकांना आठवत असेलच. आमच्या गावाचे नाव त्या आठवड्यात देशभर झाले आणि पुढच्या आठवड्यात देश ते विसरला. पाथरीत येणाऱ्या भाविकांची गर्दी मात्र वाढली. तुम्ही कधी या बाजूला आलात तर आमचे मंदिर जरूर पाहा. वादाचा निकाल लावल्याशिवायही ते पाहता येते.

जिंतूर मागे टाकले आणि आई बोलेनाशी झाली. डोंगर लागले. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर जैन लेणी आहेत, ती परतताना पाहू म्हटले आणि ती राहिली. येलदरीची भिंत लांबून दिसते ती आधी भिंत वाटतच नाही. कुणी लांबलचक टेकडी आखून ठेवावी तशी दिसते. मातीचे धरण, चार किलोमीटरांहून अधिक लांब, सुमारे एक्कावन्न मीटर उंच. मध्ये दगडी सांडवा आणि पायथ्याशी वीजघर. साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे साडेबावीस मेगावॉट. आजच्या हिशेबाने हे काहीच नाही. पण कंदिलाच्या काळातल्या मराठवाड्याला त्या तीन यंत्रांचे केवढे अप्रूप वाटले असेल! येलदरी पाणी साठवते, वीज करून ते खाली पूर्णेतच सोडते आणि पुढे सिद्धेश्वरला ते पुन्हा अडते. कालवा सुटतो तो सिद्धेश्वरहून. परभणी, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या शेतांना ते पाणी पोचते. एकाने धन साठवावे आणि दुसऱ्याने वाटावे, असे हे जोडपे आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हे वर्णन पुष्कळ घरांना लागू पडते.

आम्ही पाण्याच्या काठाला, जिथवर जाता येते तिथवर गेलो. पावसाळा चांगला झालेला, तेव्हा समोर दृष्टी पोचेल तिथपर्यंत पाणी होते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले तर जुन्या वस्त्यांच्या खुणा दिसतात, असे तिथला एक भोई सांगत होता. आम्हाला काही दिसायचे नव्हते. मुलाने विचारले, "आजी, तुझं घर कुठं होतं?"

आईने पाण्याकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, पलीकडच्या डोंगराच्या एका खांद्याकडे पाहिले आणि बोट केले. "तो बगळा उडाला ना, त्याच्या खाली."

बगळा पुढे गेला. मुलगा म्हणाला, "आता?"

"आता न्हाई. बगळा गेला, घर हाय तिथंच हाय."

मग ती काठावरच्या दगडावर बसली आणि तिने त्याला गाव सांगायला सुरुवात केली. मारुतीचा पार. पाराच्या डाव्या हाताला वाण्याचे दुकान. नदीला उतरायची वाट. उतारावर तिच्या चुलत्याचा आंब्याचा मळा, त्यातल्या एका झाडाला शेपूचा वास येई म्हणून त्याला 'शेप्या' म्हणत. गाव सोडायचे ठरले तेव्हा लोकांनी घरांची लाकडे, दारे, चौकटी, आढी काढून गाड्यांवर घातली. तिच्या वडिलांनी उंबरासुद्धा काढला. मारुती वाजतगाजत नव्या गावठाणात नेला. "आन् शेप्या?" मुलाने विचारले. "झाड कसं नेतील रे?" ती म्हणाली.

मी हे सारे पहिल्यांदाच ऐकत होतो. चाळीस वर्षे त्या एका बाईच्या हातचे जेवलो, आणि तिच्या माहेरच्या आंब्याचे नाव मला माझ्या मुलाच्या प्रश्नामुळे कळले. मुलगी थोडी दूर उभी राहून हे मोबाइलमध्ये उतरवून घेत होती. फोटो तिने काढला नाही, याचे मला नवल वाटले. नंतर विचारले तर म्हणाली, "पाण्याचा काय फोटो काढायचा? आवाज घेतला."

त्या रात्रीचा मुक्काम औंढा नागनाथला. धरणांच्या काठी पाटबंधारे खात्याची विश्रामगृहे असतात, पण त्यांच्यासाठी आधी पत्र लिहून परवानगी काढावी लागते. वाटेतल्या एका विश्रामगृहात आम्ही डोकावलो होतो. (कुठल्या ते सांगत नाही, तिथल्या खानसाम्याचे पोरबाळ असेल.) खोलीला कुलूप होते, किल्ली साहेबांकडे होती आणि साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी होते. बाहेरची बाग मात्र देखणी! औंढ्याला यात्रेकरूंची सोय असते आणि गाव देवाचे असल्यामुळे जेवणाची पंचाईत होत नाही. नागनाथाचे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी. शिल्पांनी भरलेल्या बाहेरच्या भिंती बघत तास-दोन तास जावेत. नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांना पुढून हटवले तेव्हा देऊळच फिरले, ही कथा आई सांगणार एवढ्यात मामूंनीच सांगून टाकली. गाभारा खाली, वाट अरुंद, वाकून उतरावे लागते. आईचे गुडघे दुखतात, तरी ती उतरली आणि वर आल्यावर म्हणाली, "देव बी खालीच हाय." ती कशाविषयी बोलत होती हे मी विचारले नाही.

सिद्धेश्वरचे पाणी सकाळच्या उन्हात पाहून आम्ही परत जिंतूरमार्गे मंठ्याकडे वळलो. या वाटेवर चारठाणा लागते. तिथे थांबा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वेरूळ-अजिंठ्याला जग जाते. चारठाण्याला जिंतूरचे लोकही जात नाहीत. गावभर यादवकाळच्या सुमाराची देवळे विखुरलेली, कुठे शाबूत, कुठे नुसते खांब, आणि कोरीव दगड लोकांच्या घरांच्या पायऱ्यांना लागलेले. एक उंच, नक्षीदार स्तंभ उभा आहे, त्याच्या पायथ्याशी आम्ही दशम्या सोडल्या. हेमाडपंती या शब्दाखाली आपण सगळेच दगडी बांधकाम ढकलतो, हे मी मुलीला समजावू लागलो. ती म्हणाली, "बाबा, सुट्टी आहे." मी दशमी खाल्ली.

लोणारविषयी लिहायचे म्हणजे संकोच वाटतो. ज्याच्याविषयी पृथ्वीवरचे भूवैज्ञानिक लिहितात, त्याच्याविषयी मराठीच्या मास्तराने काय लिहावे? तरी चार गोष्टी सांगतो. हे विवर उल्कापाताने झाले. ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. 1973 साली तिथल्या खडकात मास्केलिनाइट नावाची काच सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि वादाचा निकाल लागला. कारण ती काच प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाही. बेसॉल्ट खडकात आघाताने झालेले आणि इतके नीट टिकलेले असे विवर जगात दुसरे नाही. काठापासून काठापर्यंत सुमारे एक हजार आठशे मीटर, खोली दीडशे मीटरांच्या आतबाहेर. वय आधी बावन्न हजार वर्षे मानीत. 2010 च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीने मोजले तेव्हा ते पावणेसहा लाखांच्या जवळ निघाले. "म्हणजे आजी, तुझ्यापेक्षा मोठं," मुलगा म्हणाला. "हाव बाप्पा, थोडं," आई म्हणाली.

पाणी खारे आणि त्याहून अधिक अल्कधर्मी. जून 2020 मध्ये ते अचानक गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी या सरोवराची रामसर पाणथळींच्या यादीत नोंद झाली. मला मात्र भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. पूर्वी या तळ्यातून क्षार काढीत आणि त्यांच्या प्रतींना नावे होती. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. ते साबणाला, रंगाऱ्यांना, बांगड्या करणाऱ्यांना लागत. धंदा गेला, शब्द गॅझेटियरात राहिले. लोणार मराठी साहित्यातही आहे. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त त्याचा उल्लेख येतो. सातशे वर्षांपूर्वी ज्या धारेवर माणसे उतरली, त्या धारेवर आम्हीही उतरलो.

ही धार म्हणजे विवराच्या कडेवरच्या देवळांपाशी गोमुखातून अखंड वाहणारे गोड पाणी. आई तिथेच थांबली. आम्ही चौघे खाली जंगलात उतरलो. मोरांचे आवाज, वानरांच्या टोळ्या, बाभळी, आणि मग एकदम हिरवट, जड, वासाचे पाणी. अलीकडच्या काही वर्षांत तळ्याचे पाणी चढत चालले आहे, काठावरच्या कमळजादेवीलाही त्याने गाठले. गोड्या पाण्याची भर पडून खाऱ्या पाण्याचा स्वभाव बदलेल की काय, ही अभ्यासकांची काळजी आहे. खाली उतरायचे तर सकाळी उतरा, पाणी बरोबर घ्या आणि वर येताना बोलू नका. वर गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे, ते चुकवू नका. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचे ते देऊळ, म्हणून गाव लोणार. लेणी-देवळांत हल्ली सगळे वर छताकडे मोबाइल धरून चालतात. इथल्या छताला ते शोभते.

मुक्काम पर्यटन महामंडळाच्या निवासात. सुट्टीत जायचे तर आधी खोली राखून ठेवावी. आमच्या खोलीतून तळे दिसत नव्हते. मुलांनी ते उत्तरेच्या हिशेबात उणे धरले. पण रात्री मामूंनी सगळ्यांना विवराच्या काठाजवळ नेले. खाली काळोखाचा एक मोठा वाडगा आणि वर चांदणे. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मुलगी मला हळूच म्हणाली, "बाबा, शेत विकायचं ते माझ्यासाठीच ना?" मी हो म्हटले. "मग मला विचारलं का नाही?" मी म्हणालो, "तू लहान आहेस." ती म्हणाली, "आजीचं लग्न माझ्या वयात ठरलं." यावर मला उत्तर सुचले नाही. तिच्या आईला सुचले असते, पण ती मुलाला ध्रुवतारा दाखवत होती.

तिसरा दिवस भरभर गेला. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान. दर 12 जानेवारीला इथे लाखो माणसे येतात, आम्ही गेलो तेव्हा शांतता होती. लखुजी जाधवांची समाधी पाहण्यासारखी, भव्य आणि आत थंडगार. मोती तलावाच्या बांधावर उभे राहिले म्हणजे जुन्या लोकांना पाणी अडवणेही कसे देखणे करता येई हे कळते. चांदणी तलावात मधोमध इमारत आहे. आमच्या मुलाने ताबडतोब तिला उदयपूर म्हणून मान्यता दिली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच भागातून जातो. मुंबई-पुण्याच्या वाचकांना लोणार-सिंदखेडराजा आता त्यामुळे एका दमात गाठता येते. मामूंना तो रस्ता पसंत नाही. "उसमें गांव नहीं लगते," असे त्यांचे म्हणणे.

जालन्यात मुक्काम सौभाग्यवतींच्या मावसबहिणीकडे. त्यामुळे तिथल्या हॉटेलांविषयी मी काही सांगू शकत नाही. पुरणपोळीविषयी सांगू शकेन. 'जालना सोने का पालना' म्हणतात. त्या सोन्याच्या पाळण्यालाही पाणी मात्र पैठणहून आणावे लागले. संध्याकाळी मोती तलावाकडे फेरी झाली आणि सकाळी अंबडला मत्स्योदरीचे दर्शन घेऊन पाचोडमार्गे पैठण गाठले.

पैठणविषयी काय सांगू? सातवाहनांचे प्रतिष्ठान, नाथांचे गाव, पैठणीचे माहेर. नाथांच्या समाधिमंदिराशी यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे, तिथे उतरलो. पण आईला कधी एकदा धरण पाहते असे झाले होते. दुपारी नाथसागरावर गेलो. लालबहादूर शास्त्रींनी 18 ऑक्टोबर 1965 रोजी याची पायाभरणी केली. पुढच्या तीन महिन्यांत ते गेले. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. भिंत दहा किलोमीटरांची, दरवाजे सत्तावीस. मूळ योजना खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची होती. जागा बदलून पैठणला आली, पण कागदावरचे नाव तेच राहिले. या पाण्याखालीही शंभराहून अधिक गावे गेली आहेत. हिवाळ्यात इथे परदेशी पाखरे उतरतात, रोहित येतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. आम्ही गेलो तेव्हा रोहित आले नव्हते. बदके पुष्कळ होती.

समोर समुद्रच. मुलांनी पहिल्यांदाच कुरकूर थांबवली. आई मात्र पाण्याकडे न पाहता डाव्या बाजूला कालवा कुठून निघतो ते शोधत होती. तिथे एक कर्मचारी उभा होता. आईने त्याची उलटतपासणी सुरू केली. धरण किती भरले? यंदा पाळी कधी सुटणार? किती सुटणार? शेवटाकडे पाणी पोचेपर्यंत वरचे लोक अडवतात त्याचे काय? तो बिचारा सभ्य माणूस होता. त्याने सांगितले की डावा कालवा दोनशे आठ किलोमीटर लांब आहे. पाणी इथून सुटले तरी पाथरीला पोचायला दिवस लागतात. आणि धरणच भरले नाही तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे की नाही यावर दर दुष्काळी वर्षी वाद होतात. ते खरेच आहे. 2005 च्या कायद्याने पाण्याचे समन्यायी वाटप ठरले; 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे. 2023 साली असे पाणी सोडावे लागले आणि वर-खालचे दोन्हीकडचे लोक रस्त्यावर आले.

आईने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आन् ज्यांची गावं बुडाली, त्येंच्या शेताला ह्ये पानी हाय का?" तो म्हणाला, "काहींना आहे, आजी. सगळ्यांना नाही. जमीन जिथं मिळाली तिथं पाट असेल तर आहे." "हाव," आई म्हणाली, "आमच्याकडं बी तसंच."

पाचव्या दिवशी आपेगाव करून, ज्ञानदेवांच्या पूर्वजांच्या त्या लहानशा गावात गोदावरीच्या काठी घटकाभर बसून आम्ही शहागड-आष्टीवरून घराकडे निघालो. या वाटेने कालवा कधी डावीकडे दिसतो, कधी उजवीकडे, कधी दिसेनासा होतो. ऊस, कापूस, मध्येच कोरडे रान. कुठे पाणी पोचते आणि कुठे पोचत नाही हे जीपमधून रंगावरून सांगता येते. सौभाग्यवतींनी मुलांकडून तो खेळच करून घेतला. आई खेळात नव्हती, पण तिचे बरोबर येत होते.

पाथरीच्या अलीकडे तिने जीप थांबवायला सांगितली. शेत रस्त्यापासून जवळच आहे. ती धुऱ्याने चालत पाटापर्यंत गेली, पाटात कचरा अडकला होता तो काठीने काढला, आणि परत येऊन आमच्या सौभाग्यवतींना, मला नव्हे, म्हणाली, "सूनबाई, पोरीला शिकवाच. दोन एकर इका, खालचे. पाटाकडले दोन राहू द्या. सही करते मी."

"दोन एकरांत फ्लॅट नाही होणार, आई," मी म्हणालो.

"मग भाड्यानं राहील ती. खोल्या काय भाड्यानं मिळत न्हाईत?" आणि मग नातीकडे वळून, "राहशील ना गं?"

मुलगी म्हणाली, "राहीन."

आमच्या गिऱ्हाइकाला मी हे दुसऱ्याच दिवशी कळवले. त्याला खालचे दोन नको आहेत, पाटाकडचेच हवेत. भाव वाढवून देतो म्हणतो. आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "त्येला बी कळतंय." मुलगी जूनपासून संभाजीनगरला एका वसतिगृहात आहे. खालच्या दोन एकरांसाठी दुसरा माणूस पाहणे चालू आहे. आणि यंदाच्या दिवाळीत कुठे जायचे, याचा कागद मुलाने पुन्हा तयार केला आहे. त्यात पहिले नाव नैनितालचे आहे, आणि खाली, आजीच्या सांगण्यावरून, नेमगिरी.